एक सुट्टी, दोन मुक्काम

सहलीला निघणाऱ्या आपल्या घरांत एक नियम न सांगता पाळला जातो: मुक्कामी पोचून एकदा बॅगा उघडल्या की परतीच्या दिवसापर्यंत त्या पुन्हा भरायच्या नाहीत. गाव बदलायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याच गावात, तीच ठिकाणं पाहायची असताना हॉटेल बदलणं म्हणजे हातानं ओढवून घेतलेला त्रास, असंच कुणालाही वाटेल. म्हणूनच अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑरलँडोला जाणाऱ्यांची एक सवय कोड्यात टाकते. डिस्ने किंवा युनिव्हर्सलचे थीम पार्क पाहायला सहा-सात रात्रींसाठी गेलेली कित्येक कुटुंबं पहिल्या काही रात्री एका हॉटेलात काढतात आणि मग सामान आवरून त्याच परिसरातल्या दुसऱ्या हॉटेलात जातात. तिकडे या पद्धतीला ‘स्प्लिट स्टे’ म्हणतात. तिचा अवलंब करणाऱ्यांत हौशी लोक आहेत, तसेच पैपैचा हिशेब ठेवणारेही आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की ऑरलँडोचा बेत निघतो. बुकिंग करायला बसल्यावर त्यांच्यासमोरही हा प्रश्न येतो: एकाच सहलीसाठी दोन हॉटेलं कशाला?

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: थीम पार्कच्या हॉटेलातल्या खोलीच्या भाड्यात पाठ टेकायच्या जागेखेरीज आणखी दोन गोष्टी विकल्या जातात, पार्कपर्यंतचं अंतर आणि पार्कमधला वेळ. या दोन गोष्टींची गरज सहलीच्या प्रत्येक दिवशी सारखी नसते. भाडं मात्र प्रत्येक रात्रीचं भरावं लागतं. प्रत्येक रात्रीची गरज आणि त्या रात्रीचं भाडं यांची सांगड घालायला बसलं की काही सहलींचे सरळ दोन भाग पडतात. अशा सहली कोणत्या आणि कोणत्या सहलींत या भानगडीत पडू नये, हे समजण्यासाठी आधी या हॉटेलांची घडण पाहायला हवी.

हॉटेल पार्कच्या आत कसं आलं?

वॉल्ट डिस्ने यांचं पहिलं पार्क, डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावी उघडलं. त्यासाठी घेतलेली जागा होती १६० एकर. पार्क लोकप्रिय झालं आणि भोवतालच्या संत्र्यांच्या बागा जाऊन तिथे मोटेलं, उपाहारगृहं आणि दुकानं उभी राहिली. लांबून आलेला पाहुणा दिवस डिस्नेलँडमध्ये घालवी, पण त्याच्या मुक्कामाचे पैसे दुसऱ्यांच्या गल्ल्यात जात. खुद्द डिस्नेलँड हॉटेलदेखील जॅक राथर या उद्योजकानं बांधलं होतं. ते डिस्ने कंपनीच्या मालकीचं व्हायला १९८८ साल उजाडलं. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे फ्लोरिडात जमीन घेताना कंपनीनं हात आखडला नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यावर निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी, गाजावाजा न करता, तिनं सुमारे २७,००० एकर जमीन मिळवली. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्ये वारले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, तेव्हा मॅजिक किंगडम या पार्काबरोबर कंटेंपररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही तयार होती. कंटेंपररीच्या तर इमारतीच्या पोटातूनच मोनोरेल जाते. थीम पार्क आणि मुक्काम यांची एकत्र आखणी फ्लोरिडात पहिल्या दिवसापासून झाली ती अशी.

त्यानंतर तिथे आणखी तीन पार्क उभे राहिले: १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज या नावानं ओळखलं जाणारं पार्क आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. या पसाऱ्याचा आवाका लक्षात घ्यायला हवा. मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा एकूण परिसरही जवळपास तेवढाच भरतो. चार पार्क या जागेत एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर विखुरलेले आहेत आणि त्यांच्या अवतीभवती दोन डझनांहून अधिक हॉटेलं आहेत. भाड्याच्या चढत्या क्रमानं त्यांचे व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स असे ढोबळ वर्ग आहेत. चारही पार्कांना सारखंच जवळ पडेल असं हॉटेल यात एकही नाही, आणि आपल्या विषयाचं मूळ इथेच आहे. खोपोलीच्या इमॅजिकाला लागून हॉटेल आहे, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये किंवा हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये पाहायचं पार्क एकच आहे. तिथे मुक्काम विभागायचा प्रश्नच उद्भवत नाही. अनेक पार्क आणि अनेक हॉटेलं एका परिसरात आली, की कोणतं हॉटेल कोणत्या दिवसासाठी योग्य, असा प्रश्न तयार होतो.

अंतर: दिवसाला दोन फेऱ्या की चार?

आधी अंतर पाहू. मॅजिक किंगडमसमोरच्या तळ्याभोवती कंटेंपररी, पॉलिनेशियन आणि १९८८ मध्ये सुरू झालेलं ग्रँड फ्लोरिडियन ही तीन हॉटेलं मोनोरेलनं पार्काला जोडलेली आहेत. कंटेंपररीहून तर दहा-एक मिनिटांत चालतही जाता येतं. एपकॉटच्या मागच्या प्रवेशद्वाराशी बोर्डवॉक, यॉट क्लब, बीच क्लब, स्वान आणि डॉल्फिन असा हॉटेलांचा जुडगा आहे. तिथून एपकॉटला पायी जाता येतं आणि हॉलिवूड स्टुडिओजला बोटीनं किंवा पायी. २०१९ च्या सप्टेंबरात स्कायलायनर हा रोपवे सुरू झाला. त्यामुळे कॅरिबियन बीच हे मॉडरेट वर्गातलं आणि पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही व्हॅल्यू वर्गातली हॉटेलंही याच दोन पार्कांच्या जवळ आली. अ‍ॅनिमल किंगडमला मात्र कोणत्याच हॉटेलातून पायी जाता येत नाही. तिथे बस किंवा गाडीनंच जावं लागतं. बाहेरच्या हॉटेलातून गाडीनं मॅजिक किंगडमला येणाऱ्याचा प्रवास दोन टप्प्यांचा होतो, कारण त्या पार्काचं वाहनतळ तळ्याच्या अलीकडच्या काठाला आहे. तिथे गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट धरावी लागते.

सकाळी जायचं आणि रात्री यायचं, एवढंच असतं तर या अंतराला फार महत्त्व उरलं नसतं. पण फ्लोरिडातला उन्हाळा दमट असतो, दुपारी वादळी पावसाच्या सरी येतात, लहान मुलं पेंगुळतात आणि आजी-आजोबांचे पाय भरून येतात. म्हणून बहुतेक कुटुंबं दुपारी खोलीवर परततात आणि संध्याकाळी पुन्हा पार्कात जातात. मग दिवसाला फेऱ्या दोन राहत नाहीत, चार होतात. हिशेबापुरतं धरून चालू, की बसची वाट पाहणं आणि प्रवास मिळून एका फेरीला चाळीस मिनिटं लागतात आणि जवळच्या हॉटेलातून चालत दहा. चार फेऱ्यांत दोन तासांचा फरक पडला. पार्कमधला दिवस बारा तासांचा मानला तर हा त्याचा सहावा हिस्सा झाला. शिवाय रात्रीची आतषबाजी संपते तेव्हा हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात आणि बसच्या रांगा वाढतात. चालत जाणाऱ्याला त्या रांगेत उभंच राहावं लागत नाही. मात्र हा फायदा त्या विशिष्ट पार्काच्या दिवशीच मिळतो. मॅजिक किंगडमच्या दारातल्या हॉटेलात राहून अ‍ॅनिमल किंगडमला जाणारा माणूस व्हॅल्यू हॉटेलातल्या माणसासारखाच बसथांब्यावर उभा असतो. त्या दिवशीचं वाढीव भाडं अंतराच्या दृष्टीनं त्याच्या कामी आलेलं नसतं.

वेळ: रांग कशी वाढते

भाड्यातली दुसरी गोष्ट म्हणजे पार्कमधला वेळ. तिची किंमत कळण्यासाठी रांगेचं गणित पाहायला हवं. कोणतीही राइड तासाला ठरावीक माणसांनाच सामावून घेते. समजा एखाद्या राइडची क्षमता तासाला १,५०० माणसांची, म्हणजे मिनिटाला २५ आहे. दार उघडताच पोचलेल्या माणसापुढे शंभर जण असतील तर त्याला चार मिनिटं थांबावं लागेल. पहिल्या अर्ध्या तासात त्याच राइडकडे एकूण २,००० माणसं आली, तर त्यांतली ७५० आत जातील आणि १,२५० रांगेत उरतील. आता येणाऱ्याला पन्नास मिनिटं उभं राहावं लागेल. दोघांच्या येण्यात अंतर अर्ध्याच तासाचं होतं, तरी उशिरा आलेल्याची वाट पाहण्याची वेळ कितीतरी पटींनी वाढली. येणाऱ्यांचा वेग राइडच्या क्षमतेपेक्षा जास्त असतो तोवर रांग वाढतच राहते, आणि एकदा वाढलेली रांग दिवसभर सहसा ओसरत नाही. म्हणून सकाळचा पहिला अर्धा तास मोलाचा असतो.

कंपन्या हा वेळ हॉटेलच्या खोलीला जोडून विकतात. डिस्नेच्या हॉटेलांतल्या सगळ्याच पाहुण्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. स्वस्त खोली आणि महाग खोली असा भेद त्यात नाही. रात्री पार्क बंद झाल्यावर आणखी दोन तास थांबायची सवलत मात्र मुख्यतः डिलक्स वर्गातल्या पाहुण्यांना आहे, आणि तीही ठरावीक रात्री, ठरावीक पार्कांत. युनिव्हर्सलची रीत वेगळी आहे. तिथे पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन पार्कांत एक्सप्रेस पास खोलीबरोबरच मिळतो. या पासवाल्यांसाठी बहुतेक राइड्सना वेगळी, छोटी रांग असते आणि प्रत्येक राइडच्या क्षमतेतला काही वाटा तिच्यासाठी राखलेला असतो. तोच पास सुटा विकत घेतला तर गर्दीच्या दिवसांत माणशी, दर दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातो. रांगेच्या गणितातूनच आणखी एक गोष्ट निघते. राखीव वाटा साध्या रांगेच्या क्षमतेतून वजा झालेला असतो. त्यामुळे गर्दी जितकी जास्त तितकी साधी रांग मंद आणि पास मोलाचा. गर्दी नसलेल्या दिवशी त्याचा उपयोग फारसा नाही.

रात्री मोजतात, दिवस मिळतात

मुक्काम विभागण्यामागची खरी किल्ली एका साध्या मोजणीत आहे. शेताच्या बांधावर एका ओळीत पाच खांब रोवले तर त्यांच्यामध्ये अंतरं चारच पडतात. हॉटेलच्या रात्री या खांबांमधल्या अंतरांसारख्या आहेत आणि दिवस खांबांसारखे. चार रात्री राहणारा माणूस पाच दिवस तिथला पाहुणा असतो: येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस आणि मधले तीन. भाडं आकारतात ते रात्रींचं. सवलती मिळतात त्या दिवसांच्या. चेक-इनच्या दिवशी सकाळीच हॉटेलात नाव नोंदवून सवलत वापरायला सुरुवात करता येते आणि चेक-आउटच्या दिवशी खोली सोडल्यावरही ती दिवसभर चालते.

याचा परिणाम असा, की सवलत देणाऱ्या महागड्या हॉटेलातली पहिली रात्र दोन दिवस देते आणि त्यापुढची प्रत्येक रात्र एकेकच दिवसाची भर घालते. एका रात्रीला दोन दिवस, दोन रात्रींना तीन, पाच रात्रींना सहा. मुक्काम लांबत जाईल तसा दर रात्रीमागे मिळणारा लाभ घटत जातो. म्हणजे अशा हॉटेलात छोटा मुक्काम सगळ्यांत किफायतशीर. युनिव्हर्सलचे दोन जुने पार्क एक्सप्रेस पास हाती असेल तर दोन दिवसांत समाधानानं पाहून होतात, आणि तेवढ्यासाठी त्या तीन हॉटेलांपैकी एकात एक रात्र पुरते. चार जणांच्या कुटुंबानं सुटे पास घेतले तर दोन दिवसांचे आठ होतात; दर शंभर डॉलर धरला तरी आठशे डॉलर. एका रात्रीचं भाडं बऱ्याचदा याहून कमी असतं आणि पास त्या खोलीत नोंदवलेल्या प्रत्येकाला मिळतो. उरलेल्या रात्री कुठे काढायच्या हा मग वेगळा निर्णय होतो. २२ मे २०२५ रोजी उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कामुळे तो आणखी महत्त्वाचा झाला आहे. खोलीबरोबर मिळणारा एक्सप्रेस पास तिथे चालत नाही आणि ते पार्क जुन्या दोन पार्कांपासून काही किलोमीटर दूर आहे. त्याच्या शेजारी स्टेला नोव्हा आणि टेरा लुना ही तुलनेनं स्वस्त हॉटेलं आहेत, तर हेलिओस ग्रँड या महागड्या हॉटेलातून पार्कात उतरायला स्वतंत्र दार आहे. जुन्या पार्कांसाठी एक रात्र तिकडे आणि नव्यासाठी उरलेल्या रात्री इकडे, ही विभागणी नकाशावरूनच सुचते.

खांबांच्या हिशेबात आणखी एक बारकावा आहे. दोन मुक्काम जिथे जोडले जातात, त्या सांध्यावरचा खांब दोन्ही बाजूंचा असतो. हॉटेल बदलण्याच्या दिवशी माणूस सकाळी पहिल्या हॉटेलातून निघालेला आणि त्याच दिवशी दुसऱ्यात दाखल झालेला असतो, म्हणून त्या दिवशी दोन्हीकडच्या सवलती त्याच्या हाती असतात. सगळ्यांत व्यस्त दिवस या सांध्यावर ठेवला तर जास्तीत जास्त फायदा होतो.

कोणत्या रात्रीचं काम किती?

आता हेच तत्त्व डिस्नेच्या सहलीला लावू. पुढचे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत; खरे दर हंगाम, वार आणि सुट्ट्यांप्रमाणे रात्रीगणिक बदलतात. समजा व्हॅल्यू हॉटेलची रात्र २०० डॉलरला आणि डिलक्सची ६५० डॉलरला पडते. सहा रात्री डिलक्समध्ये काढल्या तर ३,९०० डॉलर, व्हॅल्यूमध्ये काढल्या तर १,२००. चार रात्री व्हॅल्यूत आणि दोन डिलक्समध्ये काढल्या तर २,१००. निव्वळ बेरीज पाहिली तर विभागणी म्हणजे मधला रस्ता. पण त्या दोन रात्री नीट निवडल्या तर डिलक्सकडून मिळण्यासारखं बरंचसं त्यांतच पदरात पडतं: मॅजिक किंगडमला चालत जाण्याचे दिवस, रात्री उशिरापर्यंत थांबता येण्याची आठवड्यातली एखादी संध्याकाळ, शांत तलाव आणि मोठी खोली. अ‍ॅनिमल किंगडम लॉजसारख्या हॉटेलात तर खोलीच्या सज्जातून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. तिथली एखादी रात्र म्हणजे सहलीतला एक वेगळा अनुभवच. पण चारही पार्कांना बसनंच जावं लागतं, म्हणून सगळी सहल तिथून करणं दमवणारं ठरू शकतं.

काही रात्रींचं काम मुळातच कमी असतं. विमान रात्री दहाला उतरलं तर त्या रात्री हॉटेल फक्त झोपायला लागतं, आणि स्वच्छ, स्वस्त खोली ते काम उत्तम करते. थेट भारतातून येणाऱ्यांच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडलं जातं. ऑरलँडोचं घड्याळ आपल्यापेक्षा ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असतं. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा भारतात पहाट उजाडत असते. अंगात रात्रभराचं जागरण असतं. तिथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा इथे भरदुपार असते आणि डोळे टक्क उघडे असतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस माणूस भल्या पहाटे उठतो आणि संध्याकाळीच पेंगतो. या अवस्थेत सकाळचा लवकर प्रवेश फार उपयोगी पडतो, आणि तो डिस्नेच्या सगळ्यांत स्वस्त हॉटेलातही मिळतो. रात्रीचे जादा दोन तास मात्र वाया जातात, कारण ते वापरायला अंगात त्राणच नसतं. स्वस्त हॉटेल आधी आणि महाग नंतर, हा क्रम अशा कुटुंबांना म्हणूनच सोयीचा पडतो.

कधी कधी विभागणी हौसेनं नाही, उपलब्धतेमुळे करावी लागते. डिस्ने व्हेकेशन क्लब या १९९१ मध्ये सुरू झालेल्या योजनेचे सभासद दरवर्षी मिळणारे गुण खर्चून मुक्काम करतात. ज्या हॉटेलात त्यांनी वाटा घेतला आहे तिथलं बुकिंग त्यांना ११ महिने आधी करता येतं, इतर हॉटेलांचं ७ महिने आधी. सात महिन्यांची खिडकी उघडते तोवर हव्या त्या हॉटेलात सलग सहा रात्री उरलेल्या नसतात, पण तीन रात्री मिळतात. अशा वेळी आधी हक्काच्या हॉटेलात काही रात्री धरून ठेवायच्या आणि उरलेल्या हव्या त्या ठिकाणी मिळवायच्या, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

बदलाचा दिवस कसा जातो?

विभागणीवरचा पहिला आक्षेप अर्थातच सामानाचा. खोली सकाळी अकराला सोडायची आणि नवी खोली दुपारी तीननंतर मिळणार; मग मधले चार तास बॅगा सांभाळत बसायचं का? डिस्नेच्या दोन हॉटेलांमध्ये मुक्काम असेल तर हा प्रश्न सुटलेला आहे. सकाळी बॅगा बेल सर्व्हिसेसच्या टेबलाशी देऊन पुढच्या हॉटेलचं नाव सांगितलं, की हॉटेलचे कर्मचारी त्या विनाशुल्क तिकडे पोचवतात. कुटुंब पार्कात निघून जातं आणि संध्याकाळी थेट नव्या हॉटेलात परततं. औषधं, पासपोर्ट, दागिने आणि मुलांचे एक जोडी कपडे मात्र स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावेत, कारण बॅगा दुपार उलटल्यावरच हाती येतात. डिस्नेहून युनिव्हर्सलला जायचं असेल तर ही सोय नाही. दोन वेगळ्या कंपन्या आहेत, मध्ये पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर आहे. टॅक्सी किंवा स्वतःची गाडी लागते आणि अर्धा दिवस धरून चालावा लागतो.

दुसरा आक्षेप कागदोपत्री गुंतागुंतीचा, आणि तो रास्त आहे. दोन हॉटेलं म्हणजे दोन स्वतंत्र आरक्षणं, दोन आगाऊ रकमा आणि रद्द करण्याच्या दोन मुदती. पार्कचं तिकीट मात्र हॉटेलशी बांधलेलं नसतं. ते सलग जास्त दिवसांचं घेतलं तर दर दिवसाचा खर्च उतरत जातो, म्हणून हॉटेलं दोन झाली तरी तिकीट एकच, पूर्ण सहलीचं घ्यावं. तिकिटासह पॅकेज घेताना नकळत दोन छोटी तिकिटं घेतली गेली तर हॉटेलवर वाचवलेले पैसे तिथेच जातात. डिस्नेच्या पाहुण्यांना उपाहारगृहातल्या जागा ६० दिवस आधी आणि रांग वाचवणारे लायटनिंग लेनचे पास मुक्कामाच्या ७ दिवस आधी बुक करता येतात. चेक-इनच्या तारखा दोन असल्या की ही मुदत कोणत्या तारखेपासून मोजली जाते, हे बुकिंग करतानाच विचारून घेणं शहाणपणाचं. काही सवलतींच्या दरांना किमान रात्रींची अट असते. मुक्काम तोडला तर ती अट दोन्हीकडे मोडू शकते, हेही तपासावं.

मग कधी विभागू नये?

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: सहल विश्रांतीसाठी असते, आणि हिशेबाच्या नादात ती कामाचा दिवस होऊन बसते. लहान मुलांना दुसऱ्याच दिवशी खोली ओळखीची होते, पलंग आपला वाटू लागतो. वयस्कर माणसांना नव्या न्हाणीघरात, नव्या अंधाऱ्या खोलीत पुन्हा सरावावं लागतं. हा खर्च पैशात मोजता येत नाही, पण तो खरा आहे. म्हणून तो तागडीत टाकूनच निर्णय घ्यायला हवा. चार किंवा त्याहून कमी रात्रींच्या सहलीत बदलाचा दिवस फार मोठा वाटा खातो. तिथे एकच हॉटेल बरं. चाकांची खुर्ची किंवा दुधावरचं बाळ बरोबर असेल, तर जवळचं एक हॉटेल धरून तिथेच राहणं योग्य. केवळ डिस्नेचेच पार्क पाहायचे आणि व्हॅल्यू हॉटेलातच राहायचं, असं ठरलेलं असेल तरी विभागण्यात अर्थ नाही, कारण सकाळचा लवकर प्रवेश सगळीकडे सारखाच आहे आणि दोन व्हॅल्यू हॉटेलांत फरक थोडा असतो. स्कायलायनरवरच्या पॉप सेंच्युरीसारख्या हॉटेलात राहून दोन पार्कांना रोपवेनं आणि दोन पार्कांना बसनं जाणं पुष्कळ कुटुंबांना पुरेसं असतं. दोनाहून अधिक हॉटेलं करण्याचा मोह तर टाळावाच. पहिल्या बदलानं बहुतेक फायदा मिळालेला असतो आणि दुसऱ्या बदलाची दगदग मात्र पहिल्याइतकीच असते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दगदगीला भिऊन सहाच्या सहा रात्री महागड्या हॉटेलात काढणारं कुटुंब पहाटे निघून रात्री परतत असेल, तर ज्या तलावाचे आणि बागेचे पैसे भरले तिथे त्याचं पाऊलही पडत नाही. आणि सहाही रात्री स्वस्तात काढणारं कुटुंब नेमक्या गर्दीच्या दिवशी तासन्‌तास रांगेत उभं राहतं, किंवा पासांवर एका रात्रीच्या भाड्याहून जास्त खर्च करतं. एका हॉटेलाचा साधेपणा दोघांनाही महागच पडतो. अर्ध्या तासाचं आवरणं आणि बॅगा खाली नेऊन देणं, एवढ्या मोबदल्यात दोन दिवसांचा रांगेतला वेळ वाचत असेल, तर तो सौदा विश्रांतीच्याच बाजूचा आहे.

---

चौकट: हिशेब थोडक्यात

- खोलीच्या भाड्यात तीन गोष्टी असतात: झोपायची जागा, पार्कपर्यंतचं अंतर आणि पार्कमधला जादा वेळ.
- भाडं रात्रींचं, सवलती दिवसांच्या. एका रात्रीला दोन दिवस मिळतात. पुढच्या प्रत्येक रात्रीला एकच.
- सवलत देणारं महागडं हॉटेल थोड्या रात्रींसाठी, गर्दीच्या दिवसांभोवती घ्यावं.
- उशिरा पोचण्याची रात्र आणि भारतातून आल्यावरचे पहिले दिवस स्वस्त हॉटेलात काढावेत.
- पार्कचं तिकीट एकच, सलग दिवसांचं घ्यावं.
- बदल एकदाच करावा. औषधं आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवावीत.
- चार किंवा कमी रात्री, एकच पार्क, किंवा बरोबर अगदी लहान बाळ असेल तर हॉटेल बदलू नये.

---

निर्णयाची सोपी रीत

हे सगळं ठरवायला एक कोरा कागद पुरतो. डाव्या बाजूला सहलीतल्या रात्री एकाखाली एक लिहाव्यात. प्रत्येक रात्रीपुढे तीन नोंदी कराव्यात: दुसऱ्या दिवशी कोणतं पार्क, त्या दिवशी खोलीवर किती वेळ जाणार आणि रांग वाचवणारी सवलत त्या दिवशी लागणार का. तीनही रकान्यांतली उत्तरं वरपासून खालपर्यंत सारखी आली तर एकच हॉटेल घ्यावं आणि मनात कसलीही रुखरुख ठेवू नये. उत्तरं जागोजागी बदलत असतील, पण त्यांचे सलग गट पडत नसतील, तरीही एकच हॉटेल घ्यावं. तिथे विभागणी म्हणजे नुसती धावपळ होईल. कागदावर दोन स्पष्ट गट दिसले, वरचा एका स्वभावाचा आणि खालचा दुसऱ्या, तरच दोन हॉटेलांचा विचार करावा. शेवटी दोन्ही आराखड्यांची पूर्ण किंमत, म्हणजे भाडं, पास, टॅक्सी आणि बदलण्यात जाणारा वेळ, शेजारी शेजारी मांडावी. सहल एकसंध असली तरी तिच्या रात्री एकसारख्या नसतात. ऑरलँडोची सहल बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला क्वचितच येते आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात. अशा सहलीत प्रत्येक रात्रीचं भाडं त्या रात्रीच्या कामाला लागलं पाहिजे, आणि ते लागतं की नाही हे बुकिंगचं बटण दाबण्याआधी तासभर बसून तपासणं कुणालाही शक्य आहे.